आबाची आरोळी

जन्मभर मेंढरांमागं कोकण तुडवलेला जोतीआबा आता चार पावलांत खाली बसायचा. बिडीनं छाती खाल्ली व्हती. बारामतीच्या दवाखान्यात महिनाभर मांड्यांवर लाल उजेडाचं पट्टं बांधलं. "यानं पाय कमी दमतील," डाक्टरीण म्हणाली, "पण दम परत येणार नाही." त्याच्या म्हातारीनं गावात उठवलं, "उजेड असला कडक, त्यात बसलेली दवाखान्यातली मांजर एका उडीत इंदापूरला पोचली!" आबाला एकच आस व्हती, पुतण्याला दिलेली मेंढरं कोकणाकडं निघायच्या आधी एकदा आपल्या हाकंनं वळवायची. कळप निघायच्या सकाळी आबा कुठं न बसता बांधापतुर चालत गेला. कळप पुढनं चालला व्हता. आबानं तोंड उघडलं, पर नुसता वारा आला. मागनं आलेल्या म्हातारीनं त्याच्यागत लांब आरोळी ठोकली. मेंढरं गर्रकन वळली. "बघा, अजून तुमचाच आवाज वळखत्यात!" म्हातारी म्हणाली. डोळं पुसत आबा म्हणाला, "व्हय, वळखत्यात."