छाती साफ

पळी शेगडीवर टेकल्याचा बारीक आवाज झाला आणि दुपारच्या निजलेल्या घरात त्रिवेणीला जाग आली. रात्रपाळीनंतर तिला सहसा कशानं जाग येत नसे. पण हा आवाज ओळखीचा होता. थोरल्या जाऊबाई, भामाअक्का, तेल गरम करत होत्या.

ती आतल्या खोलीच्या दारात आली. तिचा मुलगा हर्षू भामाअक्कांच्या मांडीवर उताणा, सदरा गळ्यापर्यंत वर. अक्कांचा नल्लकुंट्यात आयुर्वेदाचा दवाखाना. त्रिवेणी कोठी भागातल्या नव्या एसी हॉस्पिटलात मुलांची डॉक्टर. सैंधव घातलेलं कोमट तिळाचं तेल अक्का पोराच्या छातीवर जिरवत होत्या. हर्षूनं डोळे मिटले होते. त्रिवेणीच्या हातात दम्याचा पंप दिसला की तो पलंगाखाली शिरायचा.

"पंप?" तिनं विचारलं.

"दिला की. आधी पंप, मग तेल. तूच सांगितलंस. तू नीज जा गं."

"नीट घेतला त्यानं?"

"हौ," हर्षूच म्हणाला. "मोठी आई तेलाची पळी हातावर उलटी करीपर्यंत श्वास धरला. रडलो पण नाही."

मोठी आई. थोरल्या काकूला असंच म्हणतात. त्रिवेणीनंही लहानपणी आपल्या काकूला म्हटलं होतं.

पंपाचा उपचार अजून नवाच होता. सवय लागते म्हणून लोक घाबरायचे. अक्का कधी तसं म्हणाल्या नाहीत. तेवढं म्हणाल्या असत्या, तर भांडता आलं असतं.

"आई, सोमवारपासून मोठी आई तुझ्याच हॉस्पिटलात बसणार. आयुर्वेदाची वेगळी खोली."

"हॉस्पिटलवाल्यांनीच बोलावलं," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी आमच्या त्रिवेणीला विचारा."

"मला नाही विचारलं कुणी."

अक्का पळी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला.

त्रिवेणीनं खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढला. सकाळी आल्या आल्या तपासलं, तेव्हा हर्षूच्या छातीत शीळ वाजत होती. आता तेलावरून चकती घसरली. तिनं पदरानं छाती पुसली.

"श्वास घे."

स्वच्छ. उजवीकडे स्वच्छ, डावीकडेही.

"पाठ कर."

पाठीत खाली, जिथं शीळ शेवटपर्यंत दडून राहायची, तिथंही काही नव्हतं. तिनं काखेखाली लावून पाहिलं.

"अजून मोठा घे."

छाती साफ झाली, की त्रिवेणी नळ्या काढून हर्षूच्या कानांत घालायची. आपलाच श्वास ऐकून तो खिदळायचा. आताही त्यानं दोन्ही हात पुढे केले होते.

तिनं चकती परत उजवीकडे नेली. दाबून धरली.

हर्षू हात तसेच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आई, तुला काय ऐकू यायला पाहिजे?"