सुईचं नेढं

मेंदूचा स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." पण नुसत्या शब्दावर विसंबतील त्या शिवणवाल्या काकू कसल्या! त्यांनी स्वतःलाच परीक्षा लावली. रोज सकाळी सुई एका झटक्यात ओवायची. दोरा रोज नेढ्याच्या बाजूने निघून जाई आणि काकू म्हणत, "डोक्यातच बिघाड आहे माझ्या!"

काकांना बघवेना. त्यांनी गुपचूप डबीतली सुई बदलली.

सकाळी दोरा झटक्यात आत गेला. काकूंनी सुई चिमटीत फिरवली आणि त्या कडाडल्या, "अहो, ही गादी शिवायची सुई! मला फसवता?"

काका गडबडले. "तुझ्या जिवाला घोर नको म्हणून..."

"आता कसला घोर? तुमची चोरी पकडली, म्हणजे डोकं शाबूत आहे." काकूंनी पिशवी उचलली. "उठा, चष्मेवाल्याकडे जाऊ."