एका घरात दोन राउटर

सिक्स्टनने लुलेओ शहरातल्या त्याच्या फ्लॅटमधून आणलेला वायफायचा डबा चालू केला, की गुनवॉरच्या प्रिंटरचा हिरवा दिवा थोड्याच वेळात नारिंगी व्हायचा. आज तिने कारण शोधून काढलं.

"घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायचं काम माझा राउटर करतो, आणि तुझा डबाही तेच करतो. जो आधी बोलेल त्याचा पत्ता. मग यंत्रं एकमेकांना सापडणार कशी?"

"म्हणजे माझा डबा चपळ आहे म्हण की!"

"आहेच. तुझ्यासारखा नाही. विचारल्याबरोबर उत्तर देतो."

सिक्स्टन हसला आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत राहिला. लुलेओचा फ्लॅट तसाच ठेवून तो तिच्याकडे 'तात्पुरता' राहायला आला, त्याला आता दोन हिवाळे झाले होते. तिने कधी विषय काढला नव्हता.

"आता पत्ते फक्त माझा राउटर देईल," ती म्हणाली. "वायरवरची यंत्रं आणि वायफायवाली, सगळी एकाच जाळ्यात. तुझ्या डब्याने नुसतं वायफाय पुरवायचं. त्यातली सगळी मांडणी पुसून तो नव्याने लावते."

"बरं."

तिचं बोट बटणावर थांबलं. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "आधीची मांडणी जपून ठेवू का? लुलेओला परत गेलास, की लागेल तुला."

सिक्स्टनने कप खाली ठेवला.

"नको, पुसून टाक. मी फ्लॅट विकतोय, गुनवॉर."