तारणाची तारीख

अर्जाच्या तिसऱ्या ओळीवर मोहरीएवढा शाईचा ठिपका पडला होता. तबिथाने तिथे पेन टेकवून तसंच उचललं होतं. ओळ होती, ‘तारण झाल्याची तारीख’.

चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आल्यापासून मंडळीच्या प्रत्येक सभासदाला दरवर्षी ही तारीख द्यावी लागे: प्रभूला स्वीकारून पापातून सुटका झाली, तो दिवस. दोन वर्षं तबिथाने ती ओळ कोरी सोडली. यंदा मात्र अर्ज अपुरा राहिला, तर तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार नव्हता.

उपासनेनंतर जाऊबाई चर्चच्या पायरीवर कुजबुजल्या, “अगं, टाक की एखादी! मी सव्वीस जानेवारी टाकली. लक्षातही राहते.”

तबिथाला हसू आलं नाही. खोटी तारीख लिहून प्रभूच्या मेजाशी जायचं कसं? ती तशीच पाळकसाहेबांच्या खोलीत गेली.

“वीस वर्षं संडे स्कूल चालवलंत, आजाऱ्यांना डबे पोचवलेत,” ते समजुतीने म्हणाले. “पण बाई, कर्मांनी तारण होत नाही. तुम्ही प्रभूला स्वीकारलंत कधी, तेवढंच सांगा.”

कर्मांचं नावही तिने काढलं नव्हतं. दोन वर्षं ती तो एक दिवस शोधत होती. आठवणीत शोधत शोधत आईच्या मांडीपर्यंत गेली, तर तिथेही प्रार्थना चालूच होती. त्याआधीचं काही आठवतच नव्हतं.

तिने अर्ज टेबलावर ठेवला.

“साहेब, मी प्रभूची नव्हते, असा एकही दिवस मला आठवत नाही. तारीख मी लिहिणार नाही. सभासदांच्या यादीतून माझं नाव काढायचं असेल, तर तुमच्या हाताने काढा.”