खांद्यावरचा हात

आमचे हे गेले त्याला चार महिने झाले. त्यांचा चांगला असा एकच फोटो, गावच्या जत्रेत काढलेला, माझ्या मोबाईलमध्ये. सानपाड्यातल्या पहिल्या दुकानदारानं तो चकचकीत कागदावर छापला. भिंतीला लावला, तर त्यात ट्यूबलाइट आणि माझंच तोंड दिसायचं. एकटीच्या घरात आणखी एक माझंच तोंड कशाला? दुसऱ्या दुकानात मॅट कागद मिळाला, पण त्या शहाण्यानं न विचारता ह्यांचा रंग गोरा केला, मार्केटात पोती वाहून झुकलेला खांदा सरळ केला आणि खांद्यावरचा माझा हातच पुसून टाकला. वर मलाच म्हणतो, "मावशी, हाराच्या फोटोत जित्या माणसाचा हात ठेवत नाहीत." तो फोटो मी त्याच्याच टेबलावर सोडून आले. शेवटी बोनकोड्यातल्या म्हाताऱ्या लॅबवाल्याला बजावलं, "काही सुधारायचं नाही. होते तसे पाहिजेत, माझ्या हातासकट. वर काचही नको." आज त्यानं फोटो समोर ठेवला. रंग तोच, खांदा तसाच झुकलेला, आणि त्यावर हिरव्या बांगड्यांतला माझा हात. माझी बोटं आपोआप पुढे गेली, तसा त्यानं फोटो मागे घेतला. "बाय, हा कागद जाम नाजूक हाय. बोट लागला का डाग पडतो, मंग जात नाय. कितीबी वाटला तरी हात लावायचा नाय." मी माझा मोकळा हात पदराखाली घेतला. म्हटलं, "नाही लावत. माझा एक हात आहे की तिथं."