खिनमावशीची जबानी

खिनमावशी दोनच शब्द बोलली, आणि जयाताई कितीतरी वेळ सांगत राहिल्या.

"ट्रकमध्ये जागा नव्हती. अंगावर पिणारी पोरगी मी शेजारणीच्या हाती देल्ली. म्हटलं, मागच्या ट्रकनं येतेच. मागचा ट्रक आलाच नाही."

मोनालीचं पेन थांबलं. "ताई, एवढं सगळं म्हणाली मावशी?"

"बर्मी भाषाच तशी हाय वं. थोडक्यात लय मावते."

मोनालीनं मान हलवली आणि लिहून घेतलं. निर्वासितांना कायद्याची मदत करणाऱ्या या संस्थेत इंटर्न म्हणून लागून तिला थोडेच दिवस झाले होते. रामदासपेठेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर, दोन खोल्यांची जागा. बाळंतपणात वकिलीचं वर्ष राहून गेलं होतं, ते पुरं करायचं तर इंटर्नशिप हवीच. सासूबाई भाताच्या रोवणीसाठी गावी, कुहीला गेलेल्या, म्हणून दुपट्यात गुंडाळलेली आर्वी टेबलामागे चटईवर झोपलेली असायची.

जयाताई दुभाषी. मणिपूरच्या सीमेवरच्या मोरे गावच्या, बर्मी तिथल्या बाजारात शिकलेल्या. नवरा रेल्वेत, नागपूरचा. इतकी वर्षं इथं राहिलेल्या की आता त्यांच्या तोंडची नागपुरी ऐकून नागपूरकरांनी गप्प बसावं. मूलबाळ नाही. संस्थेत पैसे न घेता यायच्या.

संस्था चालवणाऱ्या गौरांग सरांनी मोनालीला आल्या आल्या पद्धत समजावली होती. "दुभाष्यानं 'ती म्हणते, तो म्हणतो' असं करायचं नाही. थेट 'मी' म्हणायचं. म्हणजे समोरचा माणूस आपल्याशीच बोलून राहिलाय असं वाटतं."

तसं वाटायचंही. पण घरी आर्वीला पाजताना मोनाली सगळं मनात जुळवायला बसली की काहीच जुळायचं नाही. मावशीचे केस पांढरेशुभ्र. तीर्थयात्रेच्या व्हिसावर ती अलीकडेच आली आणि कामठीच्या विहारात राहिली, ती परत गेलीच नाही. मग अंगावर पिणारी मुलगी कुठून आली? एवढा घोळ दिल्लीच्या निर्वासित कार्यालयाला पाठवायचा कसा?

"सर, वयाचा मेळच बसत नाही," ती म्हणाली.

"आघातातून गेलेली माणसं सरळ रेषेत सांगत नाहीत गं. आधी ऐकून घे. व्हिसा संपलाय तिचा. दिल्लीहून निर्वासिताचं कार्ड नाही मिळालं, तर परत पाठवतील. आणि तिकडे सैन्य तिच्या मागावर; पाठवलं तर ती जिवंत राहील का, ते सांगता येत नाही."

पुढच्या बैठकीत मोनालीनं हळूच विषय काढला. "ताई, विचारा ना मावशीला, हे कोणत्या साली झालं?"

जयाताई मावशीकडे वळल्या. मावशीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, तेवढंच.

"जुनं हाय," जयाताई म्हणाल्या. "साल घेऊन काय करतं? मले दूध येतच राह्यलं. छातीले फडकं बांधलं, तरी येतच राह्यलं. वाटेतल्या ओढ्यावर बसून पिळून टाकलं."

आर्वी जागी झाली आणि भोकाड पसरलं. जयाताई बोलता बोलता थांबल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"पाज तिले आधी. मंग बोलू."

मोनालीनं लेकीला पदराखाली घेतलं. तिच्याच डोळ्यांतून पाणी आर्वीच्या जावळावर पडत होतं. जिची गोष्ट ती मावशी मात्र शांत. उलट जयाताईंच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मावशी रडत काहून नाही, ताई?"

"रडून रडून सुकली असन," जयाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

जबानी पुरी झाली. गौरांग सरांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हिला कुणी नाही म्हणणार नाही. मोनाली, चांगलं लिहिलंस." मोनालीला एकीकडे बरं वाटलं आणि एकीकडे तो घोळ तसाच टोचत राहिला.

सहीआधी एक पायरी उरली होती. दिल्लीचा दुसरा दुभाषी व्हिडिओवरून सगळी जबानी मावशीला तिच्या भाषेत वाचून दाखवणार. पहिल्या दुभाष्यानं तेव्हा खोलीत थांबायचं नाही, असा नियम.

"अवो, नियम तं नियम," जयाताई उठल्या. दारात घुटमळल्या. "आण, दे तुही पोरगी माह्याजवळ." आजवर त्यांनी आर्वीला कधी घेतलं नव्हतं. मोनालीनं दिली.

पडद्यावरचा दुभाषी तरुण होता. तो सावकाश वाचत गेला. मावशी हात जुळवून ऐकत होती. ट्रकचं आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. ओढ्याचं आलं तेव्हा पहिल्यांदाच तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

वाचन संपलं. हे सगळं बरोबर आहे का, त्यानं विचारलं.

मावशी बोलायला लागली ती थांबेचना. इतकं बोलताना मोनालीनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. ऐकता ऐकता त्या मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं? काही चुकलं का?" गौरांग सर पुढे सरकले.

"नाही सर. एक शब्द खोटा नाही म्हणतात." तो अडखळत हिंदीत सांगू लागला. "पण म्हणतात, मी सही कशी करू? मी शाळामास्तरीण, लग्नच केलं नाही. सैन्यानं सत्ता बळकावली तेव्हा संपावर गेले, म्हणून ते मला शोधत होतं. एवढीच माझी गोष्ट, ती मी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. मग ही मुलगी तुमच्या भाषेत जी बोलायला लागली... मी फक्त 'बोल, पोरी' म्हणत राहिले. काय बोलत होती, ते मला आत्ता कळतंय."

तो थांबला. मावशीनं बंद दाराकडे बोट केलं आणि हळू आवाजात आणखी काही म्हणाली.

"म्हणतात, ती मोरेची नाहीच. आमच्याच नदीकाठची आहे, बोलण्यावरून ओळखलं मी. सासरी कुणालाच माहीत नाही, एवढं ती मला म्हणाली होती. ट्रकमध्ये दिलेली ती मुलगी जयाची आहे."