आठ महिन्यांचं पोर

सुई दंडात शिरली तसं पोर आईच्या पदरात तोंड खुपसून ओरडलं. समोरच्या बाकावर केवळराम दंडाला कापसाचा बोळा दाबून बसला होता. त्याचंही रक्त काढून झालं होतं. त्याने पोराकडे पाहिलं, आणि कोणाला कळू नये म्हणून लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

त्याच्या बायकोने, शकुंतलेने, भंडाऱ्याच्या कोर्टात खावटी, म्हणजे पोटगी, मागितली होती. पोर माझं नाही, असा केवळरामचा जबाब. रक्त तपासायची मागणी त्याचीच, म्हणून नागपूरच्या तपासणीचा खर्चही त्याच्याच माथी आला. पवनीच्या घरात कोसा रेशमाचे दोन माग होते, त्यातला एक विकावा लागला.

शंका मुळात त्याच्या आईची, गोदावरीबाईची. वैशाखात लग्न, पौषात बाळंतपण. तिने एकेका महिन्याचं नाव घेत मोजलं होतं. "आठ महिन्यांचं पोर असं भरलेलं रायते का?" एवढंच म्हणाली. केवळराम आईचा शब्द खाली पडू न देणारा. दिवस पुरे भरले होते, असं शकुंतला रडून सांगत राहिली. लग्नाची तिथी घरात सगळ्यांना पाठ होती, तारीख कोणालाच नाही.

अहवाल आला. तेव्हा फक्त रक्तगट जुळवून बघत. ते त्याला बाप म्हणून नाकारत नव्हते, पण बाप हाच, असंही सांगत नव्हते.

"आता तरी?" शकुंतलेने कोर्टाच्या व्हरांड्यात विचारलं.

"डॉक्टरनं नक्की कुठी सांगतलं?" केवळराम म्हणाला.

शकुंतलेने पोर खांद्यावर घेतलं. "ठेवा मंग तुमची खावटी. लेकराले आणखी नाही टोचू देत मी."

तिने अर्ज मागे घेतला. पंचांनी काडीमोड दिला. फाल्गुनात तिने नाकाडोंगरीच्या खाणीवरच्या एका विधुराशी पाट लावला. त्या भल्या माणसाने पोराला आपलं नाव दिलं. केवळराम उरलेल्या मागावर विणत राहिला. जिंकल्यासारखं त्याला एक दिवसही वाटलं नाही.

पाडव्यानंतरच्या नव्या साली ज्येष्ठ दोनदा आला. तीन वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना, धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांची चंगळ. केवळरामच्या बहिणीचं लग्न नुकतंच वैशाखात झालं होतं. नवा जावई परसराम केवळरामशेजारी पाटावर बसला. गोदावरीबाई पुरणाच्या धोंड्यांवर तूप वाढत होती.

"लग्नाच्याच साली धोंडा. मजा आहे माही," परसराम म्हणाला.

"नशीब लागते जी, जावाईबापू," ती कौतुकाने म्हणाली. "आमच्या केवळरामचंही असंच झालं होतं. लग्न झालं अन् धोंडा आला. तवा श्रावण दोन होते. सानगडीले याच्या सासूनं काय थाट केला होता."

केवळरामचा घास हातातच राहिला.

"माय," तो म्हणाला, "आपण तं महिने मोजतानी श्रावण एकच धरला होता व."